ब्रीडरकडची छोटी कुत्री: ताबा घेण्यापासून दत्तक देण्यापर्यंत

ब्रीडरकडून, म्हणजे विकण्यासाठी पिल्लं काढणाऱ्याकडून, सुटणारी छोटी कुत्री आमच्याकडे, म्हणजे कुत्री सोडवून दत्तक देणाऱ्यांकडे, दोन वाटांनी येतात. एक वाट छाप्याची: पोलीस, पशुवैद्यकीय अधिकारी, पंचनामा, आणि त्यानंतर कुत्री कागदोपत्री ‘मुद्देमाल’. दुसरी वाट फोनची: ब्रीडर स्वतःच सांगतो, घेऊन जा. दुसरी वाट कितीतरी जास्त वापरातली आहे आणि तिच्यातून बहुतेक वेळा मादीच येते. सहा-सात वर्षांची शिह त्झू, पग, ल्हासा नाहीतर पॉम. कारण ठरलेलं: ‘आता पिल्लं धरत नाही’, किंवा ‘दोनदा सिझर झालंय, डॉक्टर नको म्हणतात’. पिल्लांना गिऱ्हाईक असतं, त्यांच्या आईला नसतं.

या फोनवर पैशांचं बोलणं निघतंच. ‘निदान आजवरच्या खाण्याचं तरी बघा.’ द्यायचे नाहीत. रक्कम छोटी असली तरी ती पुढच्या मादीच्या खरेदीत जाते, आणि एकदा दिली की आपण त्याचे गिऱ्हाईक होतो. पैसे न देता कागद मागायचा. मालकी कायमची सोडत असल्याचं पत्र, त्यात कुत्रीचं वर्णन, अंदाजे वय, तारीख, ‘नसबंदीला व पुढे दत्तक देण्यास हरकत नाही’ हे वाक्य, सही, ओळखपत्राची प्रत आणि शक्य तर दोन साक्षीदार. हा कागद नसला की काय होतं ते ठरलेलं आहे. उपचार होतात, अंगावर केस येतात, कुणीतरी फोटो टाकतं, आणि ‘मी फक्त सांभाळायला दिली होती’ असं म्हणत माणूस दारात येतो.

मुद्देमालाचं गणित वेगळं. जप्त केलेली कुत्री संस्थेच्या ताब्यात असतात, मालकीची नसतात. २०१७ च्या मुद्देमाल प्राण्यांच्या देखभालीबाबतच्या नियमांनुसार खटला चालू असताना ती पांजरपोळ, प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी किंवा प्राणी कल्याण संस्थेकडे ठेवता येतात. पण न्यायालयाचा आदेश येईपर्यंत किंवा मालकाने लेखी हक्क सोडेपर्यंत ती दत्तक देता येत नाहीत. नसबंदीसाठीही आधी अर्ज करून परवानगी घ्यावी. गर्भाशयात पू झाल्यासारखी जिवावरची वेळ असेल तर पशुवैद्यकाचा दाखला घेऊन ऑपरेशन करतात आणि लगेच कळवतात. पंचनाम्याच्या वेळी प्रत्येक कुत्र्याला क्रमांकाचा पट्टा, समोरून आणि दोन्ही बाजूंनी फोटो, वजन, लिंग, अंगावरची खूण आणि मायक्रोचिप (कातडीखालची ओळखचिप) स्कॅन एवढं त्याच दिवशी झालं पाहिजे. नंतर केस कापले की दोन पांढऱ्या शिह त्झूंमधली कोणती सात नंबरची हे शपथेवर सांगता येत नाही, आणि समोरच्या वकिलाला तेच हवं असतं.

कायद्याची धार कुठे आहे आणि कुठे नाही हे माहीत असावं. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये, आणि कोंडून ठेवण्याचा प्रकार अदखलपात्र. ठाण्यात नुसती तोंडी तक्रार केली तर एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद) घेऊन परत यावं लागतं. त्यामानाने २०१७ चे श्वान प्रजनन व विक्रीचे नियम उपयोगी पडतात. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, मादी १८ महिन्यांच्या आत आणि ८ वर्षांनंतर वापरायची नाही, जन्मभरात ५ पेक्षा जास्त वेत नाहीत, ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. नोंदणी क्रमांक काय, एवढा एकच प्रश्न बऱ्याच जणांना गप्प करतो. तक्रार लेखी द्यावी, जिल्हाधिकारी अध्यक्ष असलेल्या जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीला आणि पशुसंवर्धन विभागाला, जोडीला फोटो. पण फोनवर धमकी देऊ नये. धमकी दिली की उरलेल्या माद्या रातोरात दुसऱ्या गाळ्यात जातात आणि हाती एकही लागत नाही.

आणायला जाताना कडक प्लास्टिकचा कॅरिअर, खाली टर्किशचा टॉवेल, दोन स्लिप पट्टे, हातमोजे, एक कोरा टॉवेल तोंडावर टाकायला, पाणी, मध किंवा साखरेचं पाणी. मांडीवर घेऊन गाडीत बसायचं नाही. शांत दिसणारी कुत्री शांत नसते, गोठलेली असते, आणि सिग्नलला दार उघडलं की तीच उडी मारते. पग आणि शिह त्झू चपट्या नाकाचे. एप्रिल-मेमध्ये त्यांना पहाटे हलवायचं, एसी चालू ठेवून. घोरल्यासारखा श्वास वाढला, जीभ जांभळट झाली की थांबून पोटावर आणि पायांवर साधं पाणी ओतून वारा घालायचा. बर्फ नको. हे काम करणाऱ्याने स्वतःची रेबीजची आधीच घेण्याची लस पूर्ण केलेली असावी (०, ७ आणि २१ किंवा २८ वा दिवस). चावा बसलाच तर साबण-पाण्याने १५ मिनिटं धुऊन लगेच दवाखाना, कारण लस आधी घेतलेली असली तरी चाव्यानंतरचे डोस घ्यावेच लागतात.

घरी आणल्यावर सगळ्यांचे हात शिवशिवतात ते आंघोळ घालायला. वास असतोच तसा. तरीही पहिल्या दिवशी आंघोळ नाही. भेदरलेलं, अशक्त, कदाचित ताप असलेलं तीन-चार किलोचं शरीर ओलं करणं हा धोका आहे, आणि जटा झालेल्या केसांवर पाणी पडलं की त्या आवळतात. पहिल्या दिवशी वजन, तापमान (३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस नेहमीचं), हिरड्यांचा रंग, पोट, आचळ, मागून स्राव आहे का, एवढं बघून ओल्या फडक्याने डोळे आणि मागची बाजू पुसायची. बस.

जेवणाचंही तसंच. हाडं लागलेली कुत्री दिसली की वाटी भरून वाढावीशी वाटते. बरेच दिवस उपाशी शरीराला एकदम भरपेट दिलं की रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्याने खाली जातं आणि दोन-तीन दिवसांनी, सगळं ठीक चाललंय असं वाटत असताना, ती कोसळते. विश्रांतीतली गरज काढायची रीत अशी: किलोतल्या वजनाचा पाऊण घात गुणिले ७०. चार किलोला साधारण २०० कॅलरी येतात, म्हणजे ७० ग्रॅम उकडलेलं चिकन आणि ७०-८० ग्रॅम शिजलेला भात. फार रोडावलेल्या कुत्रीला पहिल्या दिवशी याचा चौथा ते तिसरा हिस्सा, पाच-सहा वेळा वाटून, आणि चार ते सात दिवसांत पूर्ण मापावर. कांदा, लसूण, मनुका नाहीत. उलट टोकाचा धोकाही छोट्या जातींना असतो. दीड-दोन किलोचं पिल्लू चार-पाच तास उपाशी राहिलं तरी रक्तातली साखर उतरून लुळं पडू शकतं. हिरड्यांना मध चोळायचा आणि दवाखाना गाठायचा. बेशुद्ध पिल्लाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, ते फुफ्फुसात जातं.

विलगीकरण १४ दिवस. फ्लॅटमध्ये सगळ्यात चांगली जागा बाथरूम: धुता येतं, दार लागतं, बाल्कनीसारखं पळायला वाट नसते. त्या खोलीची चप्पल आणि एप्रन वेगळे. पार्व्होचा, म्हणजे रक्ती जुलाबाच्या जीवघेण्या आजाराचा, विषाणू फिनेलने मरत नाही, आणि घराघरांत या बाबतीत खोटा दिलासा असतो. लागतं ते ब्लीच, म्हणजे हायपोक्लोराइट. एक लिटर पाण्यात ३० मिली, १० मिनिटं ओलं राहू द्यायचं. आधी साबणाने घाण आणि मूत्र धुऊन काढायचं, कारण घाणीवर ब्लीच निकामी होतं आणि मूत्रातल्या अमोनियाशी मिळून विषारी वाफ तयार होते. लागण झाल्यावर पार्व्होची लक्षणं साधारण तीन ते सात दिवसांत दिसतात, डिस्टेंपरची (हाही कुत्र्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) दोन आठवड्यांपर्यंत किंवा त्याहूनही उशिरा. म्हणून ‘पाचव्या दिवशी ठणठणीत आहे, पाहुणे येऊन बघून जाऊ देत’ याला नाही म्हणायचं.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी, ती खायला लागली असेल तर, केस. कात्री वापरायची नाही. जटेखालची कातडी वर ओढली गेलेली असते आणि कात्रीने जट कापताना कातडीचा तुकडाच निघतो, काखेत आणि कानाच्या पाळीजवळ विशेष. क्लिपर आणि १० नंबरचं पातं, कातडीला समांतर, जटेच्या खालून. पातं दोन-तीन मिनिटांत तापतं, म्हणून मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघत राहायचं. शिह त्झूची जट नीट सोडवली तर पाठीपासून पोटापर्यंतचा पापुद्रा घोंगडीसारखा एका तुकड्यात निघतो. आतल्या बाजूला गोचिडी, वाळलेली विष्ठा, कधी एखादा जुना पट्टा. कातडी लाल आणि ओलसर असते. कान मोकळे झाले की त्यांच्या टोकांना एकदम रक्त धावतं आणि कुत्री डोकं झटकून झटकून टोकं रक्ताळून घेते. तेव्हा डोक्यावरून मोज्याची नळी चढवून कान दोन-तीन तास मानेशी सैल धरून ठेवायचे. सगळं एका बैठकीत संपवायचा हट्ट नको. आज पाठ, उद्या पाय. जट फारच घट्ट असेल तर ते काम पुढे नसबंदीच्या भुलीतच उरकतात.

नखं बघताना पाचवं नख, पंज्याच्या आतल्या बाजूचं, विसरलं जातं. ब्रीडरकडे ही कुत्री तारेच्या जाळीचा तळ असलेल्या पिंजऱ्यात असतात, आणि जाळीवर नख झिजत नाही. ते गोल वळून गादीत घुसतं. आधी वळलेला भाग कापायचा, मग रुतलेला तुकडा सरळ ओढायचा, जखम सलाइनने धुऊन पातळ पोव्हिडोन आयोडीन लावायचं. काळ्या नखात रक्तवाहिनी दिसत नाही, म्हणून दर आठवड्याला थोडं थोडं कापलं की ती मागे सरकते. रक्त आलं तर तुरटीची पूड दाबून धरायची.

तपासण्यांत कंजूषी करू नये. बाकी कुठेही करावी. रक्ताचा पूर्ण अहवाल प्लेटलेट्ससकट, गोचीडतापासाठी स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब) किंवा किट, यकृत आणि मूत्रपिंड, विष्ठा, पोटाची सोनोग्राफी. आपल्याकडे एर्लिकिया आणि बबेसिया हे गोचीडतापाचे जंतू इतके सर्रास आहेत की ‘नाहीत’ असं अहवालाने सांगेपर्यंत आम्ही ‘आहेत’ असंच धरतो. एर्लिकियात प्लेटलेट्स घसरतात आणि अशा कुत्रीची घाईने नसबंदी केली तर टेबलावर रक्त थांबत नाही. एर्लिकियावर डॉक्सिसायक्लिन किलोला १० मिलिग्रॅम रोज, पूर्ण २८ दिवस. दहाव्या दिवशी तरतरी आली म्हणून बंद केलं की महिन्याभराने परत पहिला पाढा. गोळी कोरडी गिळवू नये, वर चार घास किंवा पाणी, नाहीतर अन्ननलिका भाजते. सोनोग्राफीत दोन गोष्टी बघायच्या असतात: गर्भ आहे का, आणि गर्भाशयात पू आहे का. माजानंतर चार ते आठ आठवड्यांनी खूप पाणी पिणारी, मलूल, पोट फुगलेली मादी म्हणजे पू समजूनच चालायचं, मागून काही येत नसलं तरी. गर्भाशयाचं तोंड बंद असलेला प्रकार जास्त घातक. पिल्लं पाजत असलेली छोटी मादी थरथरायला, आखडायला लागली तर कॅल्शियम उतरलंय. शिरेतून औषध लागतं, आणि ते त्याच तासाला. घरी दूध पाजत बसू नये. गर्भपाताचा इतिहास असेल तर ब्रुसेला या गर्भपात घडवणाऱ्या जिवाणूची तपासणी करून घ्यावी. तो माणसालाही होतो, म्हणून स्राव हाताळताना हातमोजे.

आचळांच्या पाचही जोड्या एकेक करून बोटांनी चाचपायच्या. गाठ सापडली तर नसबंदीआधी छातीचा एक्स-रे. दातांची अवस्था बहुधा अशी की वास तोंडाचा की कातडीचा हे कळू नये. नसबंदी आणि दात शक्यतो एकाच भुलीत करतात, पण चपट्या नाकाच्या कुत्रीला भूल लांबवायची नसते, त्यामुळे वीस दात काढायचे असतील तर दोन फेऱ्या बऱ्या. छोट्या जातींचा खालचा जबडा इतका पातळ असतो की एक्स-रे न काढता दाढ उपटली तर तो मोडतो. दात गेले म्हणून दत्तक घेणारे हळहळतात. दुखणारे दात गेल्यावर ती पहिल्यांदाच वाडगा चाटून पुसून साफ करते, तेव्हा हळहळायचं कारण नाही.

लस आजारी असताना नाही. प्रौढ आणि इतिहास माहीत नसलेल्या कुत्रीला बहुरोगी लसीचे दोन डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने, शिवाय रेबीज. ब्रीडरने दिलेलं लसपत्र स्टिकर आणि बॅच क्रमांक नसेल तर रद्दी धरावं.

शरीर दुरुस्त व्हायला दोन महिने लागतात. स्वभावाला त्याहून जास्त. फ्रँक मॅकमिलन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये व्यावसायिक ब्रीडरकडून आलेल्या हजाराहून अधिक माद्या-नरांचा अभ्यास छापला. वर्षं उलटल्यावरही इतर पाळीव कुत्र्यांपेक्षा त्यांच्यात भीती जास्त आढळली. हे दत्तक घेणाऱ्याला सांगावं, ‘प्रेमाने सगळं ठीक होतं’ असं सांगू नये.

जाळीवर आयुष्य गेलेली मादी फरशीवर ठेवली की पंजे फाकवून उभी राहते. पाऊल टाकते ते उंच उचलून, खाली भोक असल्यासारखं चाचपत. उंबरा ओलांडत नाही. जिना, कुकरची शिट्टी, मिक्सर, टीव्ही, सगळं पहिल्यांदा. तिच्याकडे तोंड करून वाकायचं नाही. एका कुशीला बसायचं, हात खाली, नजर दुसरीकडे, बाजूला चिकनचा तुकडा. ती आली तर हनुवटीखाली हात, डोक्यावरून नाही. पिंजऱ्यात वरून येणारा हात म्हणजे उचलून नेणारा हात एवढंच तिला माहीत असतं. घरात आधीचं शांत, धीट कुत्रं असेल तर निम्मं काम तेच करतं. त्याच्याकडे बघून ती दारातून बाहेर येते, पाणी पिते, माणसाजवळ बसते.

शू-शीचा प्रश्न कुठल्याही आजारापेक्षा जास्त कुत्री परत आणतो. बाकी कुत्रं आपली झोपायची जागा घाण करत नाही, या भांडवलावर सगळं शिक्षण चालतं. हिच्याकडे ते भांडवल नसतं, कारण ती घाणीतच झोपलेली असते. म्हणून जागा लहान ठेवायची, अर्ध्यात अंथरूण, अर्ध्यात वर्तमानपत्र. उठल्यावर, खाल्ल्यावर १५-२० मिनिटांनी, आणि दिवसा दर दोन तासांनी कागदावर न्यायचं, झालं की तिथेच खाऊ. ओरडलं तर ती माणसासमोर करणंच बंद करते आणि सोफ्यामागे जाते. पुसायला एन्झाइमचं क्लीनर. अमोनिया असलेलं काहीही तिला मुतारीचीच पाटी वाटते. विष्ठा खाण्याची सवय असेल तर तत्काळ उचलणं हाच उपाय.

पळून जाण्याची भीती पहिले दोन-तीन आठवडे सगळ्यात मोठी. दोन पट्टे: एक हार्नेसला, एक आवळणाऱ्या कॉलरला, दोन्ही एकाच हातात. हार्नेसमधून मागे सरकत सुटणं या कुत्र्यांना फार छान जमतं. दोन दारांचा नियम: सेफ्टी डोअर लावल्याशिवाय आतलं दार उघडायचं नाही. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला, खांद्यांच्या मधोमध १५ अंकी मायक्रोचिप. सुटलीच तर मागे धावायचं नाही. छोटी कुत्री लांब जात नाहीत, पार्किंगमधल्या गाड्यांखाली आणि गटाराच्या झाकणाजवळ दडतात. तिचं अंथरूण आणि वासाचं खाणं शेवटी दिसली तिथे ठेवून रात्री, रस्ता शांत झाल्यावर शोधायचं. वॉचमनला फोटो द्यायचा आणि ‘पकडू नका, फक्त फोन करा’ हे दोनदा सांगायचं. गणपतीत आणि दिवाळीच्या आसपास आम्ही कुणालाही नवीन घरी पाठवत नाही, कितीही चांगलं घर असो.

दत्तकाची जाहिरात जेवढी खरी, तेवढी कुत्री कमी परत येते. फोटो केस कापलेल्या अवस्थेतला, वय दोन आकड्यांच्या मधलं, ‘कागदावर शू करते, बाहेर घाबरते, सहा दात आहेत’ असं स्पष्ट. फोन शंभर येतात, कारण शिह त्झू ‘फ्री’ मिळते आहे. त्यातले ‘पेपर (जातीचे कागद) आहेत का’, ‘नसबंदी नको, एकदा पिल्लं बघायची आहेत’ म्हणणारे सोपे. ते स्वतःच बाद होतात. अवघड असतो तो गोड बोलणारा, ज्याला फक्त मादी हवी असते आणि घर दाखवायला वेळ नसतो. नसबंदी झाल्याशिवाय एकही मादी दारातून बाहेर जाऊ द्यायची नाही, मग हा प्रश्नच उरत नाही. अगदी लहान पिल्लू असेल तर करारात नसबंदीची तारीख घालून.

घरभेटीत बाल्कनीच्या गजांमधलं अंतर बघावं. डोकं गेलं तर अंग जातं, म्हणून खालचे दोन फूट जाळी. घर भाड्याचं असेल तर मालकाची लेखी परवानगी. सोसायटी सरसकट बंदी घालू शकत नाही, पण भांडण नव्या कुत्रीच्या डोक्यावर नको, आधी बोलून घ्यावं. सहा वर्षांखालची मुलं असलेल्या घरी भेदरलेली मादी देऊ नये. मुलाचा दोष नसतो, तिचाही नसतो. आजी-आजोबांचं घर मात्र पुष्कळदा उत्तम ठरतं: माणूस दिवसभर घरी, आवाज कमी, वेळापत्रक पक्कं. त्यांच्याकडून मुलाची किंवा मुलीची सही साक्षीदार म्हणून घ्यावी. खर्चही आधीच सांगावा. शिह त्झूचे केस दर सहा-आठ आठवड्यांनी कापावे लागतात, पगच्या नाकावरच्या घड्या रोज पुसून कोरड्या कराव्या लागतात, कोरड्या डोळ्यांचे थेंब लागले तर ते जन्मभर.

करारात परतीचं कलम हवंच: जमलं नाही तर आमच्याकडेच परत, तिसऱ्याला नाही. चिपची नोंद नव्या घराच्या नावावर करायची आणि आमचा नंबर दुसरा संपर्क म्हणून ठेवायचा. चौकशी तिसऱ्या दिवशी, तीन आठवड्यांनी, तीन महिन्यांनी. त्यात सोफ्यावर बसलेला फोटो मागत नाही, चालतानाचा आणि जेवतानाचा व्हिडिओ मागतो. गुडघ्याची वाटी सरकत असेल तर चार पावलांनंतर मागचा पाय उचलून उडी मारते, ते फोटोत दिसत नाही. आणि तीन महिन्यांत चारची साडेपाच किलो झाली असेल तर बिस्किटं कोण देतंय हे विचारता येतं.